हिरव्या बेझलचे घड्याळ आणि बंद होण्याची आवई

फेब्रुवारी संपत आला की घड्याळांच्या शौकिनांमध्ये दरवर्षी एकच विषय सुरू होतो, तो म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जिनिव्हात भरणाऱ्या प्रदर्शनात रोलेक्स कोणते मॉडेल बंद करणार. यंदा हा विषय माझ्या पुतण्यामुळे थेट आमच्या घरात आला. तो नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात अभियंता आहे, नोकरीला पाच वर्षे झाली आहेत आणि घड्याळांचा नाद त्याला माझ्यामुळेच लागला आहे. मुंबईतल्या एका विक्रेत्याने त्याला हिरव्या बेझलचे सबमरीनर १४ लाखांना देऊ केले होते. सोबत निरोप होता की हे मॉडेल आता बंद होणार आहे, बंद झाल्यावर भाव दुप्पट होईल, तेव्हा आठवडाभरात काय ते ठरवा. पुतण्याने बँकेत वैयक्तिक कर्जासाठी अर्जही करून ठेवला होता. "काका, तुम्ही हो म्हणालात तर मी सही करतो," असे तो म्हणाला. एवढ्या मोठ्या रकमेचा प्रश्न आणि तोही माझ्या भरवशावर, म्हणून मी त्याला तोंडी जे सांगितले ते येथे अधिक सविस्तर लिहून ठेवत आहे.

ज्यांना घड्याळांचा नाद नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो. सबमरीनर हे पाणबुड्यांसाठी, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांसाठी, घडवलेले रोलेक्सचे घड्याळ असून ते १९५३ साली आले. तेव्हा ते १०० मीटर खोलीपर्यंत पाणी सहन करत असे आणि आज ३०० मीटरपर्यंत करते, म्हणजे आपल्या गंगापूर धरणाच्या भिंतीच्या उंचीपेक्षा कितीतरी पट अधिक. तबकडीभोवती जे फिरते कडे असते त्याला बेझल म्हणतात. पाण्यात उतरताना बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवला की खाली किती मिनिटे गेली ते एका नजरेत कळते. हे कडे एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागून सरकले तरी गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसतो, त्यामुळे माणूस लवकर वर येतो आणि त्याची हवा पाण्यात संपत नाही. एका साध्या कड्यात जीव वाचवण्याचा एवढा विचार केलेला आहे, हे मला या घड्याळाबद्दल सर्वांत जास्त आवडते.

हिरव्या रंगाची कथा २००३ मध्ये सुरू होते. सबमरीनरला ५० वर्षे झाली म्हणून रोलेक्सने काळ्या तबकडीला हिरव्या ॲल्युमिनियमचे बेझल बसवले. मॉडेल क्रमांक १६६१०एलव्ही, आणि शौकिनांनी त्याला नाव दिले कर्मिट, ‘मपेट्स’ या अमेरिकी मालिकेतल्या हिरव्या बेडकाच्या बाहुलीवरून. हे मॉडेल २०१० पर्यंत चालले. २०१० मध्ये त्याच्या जागी ११६६१०एलव्ही आले, ज्याची तबकडीही हिरवी आणि बेझलही हिरव्या सिरॅमिकचे, म्हणून त्याला हल्क म्हणू लागले. १ सप्टेंबर २०२० रोजी रोलेक्सने सबमरीनरची नवी ४१ मिलिमीटरची मालिका जाहीर केली, हल्क यादीतून गेले आणि पुन्हा काळी तबकडी व हिरवे बेझल असे १२६६१०एलव्ही आले. पुतण्याला देऊ केलेले घड्याळ हे शेवटचे.

आता आवई कशी तयार होते ते पाहण्यासारखे आहे. रोलेक्स कोणतेही मॉडेल बंद होण्याची आगाऊ घोषणा करत नाही. नवीन मॉडेले जाहीर होतात त्याच दिवशी जुनी संकेतस्थळावरून नाहीशी होतात, आणि तोवर विक्रेत्यांनाही काही ठाऊक नसते. ही शांतता भरून काढण्यासाठी लोक हिशोब मांडतात की पहिले हिरवे सात वर्षे चालले, दुसरे दहा वर्षे चालले, म्हणजे तिसऱ्याची वेळ आता भरत आली. दोन आकड्यांवरून तिसरा काढण्याला अंदाज म्हणणेही मला जड जाते. शिवाय ही आवई पसरवण्यात सर्वांत मोठा लाभ कोणाचा, तर ज्याच्या तिजोरीत तेच घड्याळ पडून आहे त्याचा. विक्रेता खोटे बोलत होता असे माझे म्हणणे नाही, कदाचित त्याचाही त्यावर विश्वास असेल. परंतु ज्याला आज माल विकायचा आहे त्याने उद्याच्या भावाबद्दल दिलेली ग्वाही मी कधी धरत नाही.

हल्कचे उदाहरण मात्र पुतण्याने वारंवार पुढे केले, आणि ते खोटे नाही. २०१० नंतरच्या सुरुवातीच्या काळात ती हिरवी तबकडी अनेकांना भडक वाटत होती आणि दुकानातल्या काचेमागे ते घड्याळ सहज पाहायला मिळे. शेवटी शेवटी अमेरिकेत त्याची यादीतली किंमत नऊ हजार डॉलरच्या थोडी वर होती. बंद झाल्यावर दुय्यम बाजारात ते दुपटीहून अधिक भावाने विकले जाऊ लागले. पण त्या वेळी नेमके आणखी काय घडत होते तेही पाहायला हवे. महासाथीमुळे स्वित्झर्लंडमधले कारखाने काही काळ बंद होते, लोकांचा प्रवासावरचा खर्च थांबला होता, व्याजदर तळाला होते आणि शेअर व आभासी चलनांतून हाती आलेला पैसा वस्तूंकडे वळत होता. जानेवारी २०२१ मध्ये पातेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीचे नॉटिलस ५७११ बंद होत असल्याची वार्ता पक्की झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच मॉडेलची निळसर टिफनी तबकडीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरना गेली. ते पाणबुड्यांचे घड्याळ नव्हे, तरीही "बंद झाले म्हणजे सोने झाले" ही समजूत पक्की होण्यास ते एक घड्याळ पुरेसे ठरले. हल्कचा भाव त्या लाटेवर चढला. २०२२ च्या पहिल्या महिन्यांत बाजार शिखरावर होता, त्यानंतर तो उतरू लागला आणि ज्यांनी शिखरावर घेतले त्यांचे पैसे अडकले.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगणे अवघड नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, भाव पडलेला असतो, म्हणून शेतकरी तो चाळीत भरून ठेवतो आणि पावसाळ्यात लासलगावचा भाव वाढण्याची वाट पाहतो. काही वर्षी भाव मिळतो. पण ज्या वर्षी गावोगावच्या चाळी भरलेल्या असतात त्या वर्षी भाव थोडा सरकला की सगळे ट्रॅक्टर एकाच आठवड्यात बाजार समितीच्या दारात उभे राहतात. २०२२ मध्ये घड्याळांचे तेच झाले. मनगटावर घालण्यासाठी घेतलेली घड्याळे विक्रीला आली नव्हती, भावासाठी कपाटात ठेवलेली मात्र प्लॅस्टिकचे आवरणही न काढता एकदम बाहेर आली. कांदा चाळीत सडतो आणि वजनात घटतो, घड्याळ तसे घटत नाही, एवढाच फरक आहे आणि कर्ज काढून घेतलेल्या घड्याळाच्या बाबतीत तोही उरत नाही.

आमचे दाजी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग करतात. त्यांच्या मनगटावर १६६१०एलव्ही आहे, ते त्यांनी २००६ मध्ये सिंगापूरला गेले असताना द्राक्षांच्या निर्यातीचा पहिला चांगला हिशोब हाती आला म्हणून घेतले होते. मी आणि पुतण्या गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो, कारण मला ते घड्याळ पुतण्याच्या हातात द्यायचे होते. दाजींनी ते काढून दिले तेव्हा पट्ट्याच्या कड्यांमध्ये फवारणीच्या औषधाचा पांढुरका थर बसलेला होता. बेझलचा मूळचा गडद हिरवा उन्हाने उतरून कोवळ्या पानासारखा झाला आहे, ४० आणि ५० या आकड्यांच्या मधोमध एक खोल ओरखडा आहे आणि त्यातून ॲल्युमिनियमची पांढरी रेघ दिसते. सिरॅमिकच्या बेझलवर असे कधी होणार नाही, त्याचा रंग उतरत नाही आणि ओरखडाही सहसा उठत नाही. कर्मिटच्या अगदी सुरुवातीच्या काही घड्याळांत बेझलवरच्या ४० मधल्या इंग्रजी चारचा माथा सपाट असतो, आणि त्या एका बारीक सपाटीसाठी संग्राहक वेगळी किंमत मोजतात. मी भिंग लावून पाहिले. दाजींच्या घड्याळातला चार टोकदार माथ्याचा, म्हणजे नेहमीचाच निघाला.

पुतण्याने विचारले, "मामा, हे विकायचे मनात येते का कधी?" दाजींनी विचारले, "का, बंद होणार आहे की काय?" ते मॉडेल २०१० सालीच बंद झाले, हे त्यांना आमच्याकडून कळले. आज त्याची बाजारातली किंमत त्यांनी मोजलेल्या रकमेच्या कितीतरी पट आहे हे सांगितल्यावरही ते काही वेळ गप्पच राहिले. मग ठिबकचा वाल्व उघडायची वेळ झाली म्हणून उठले, बेझलचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणला आणि वाल्व उघडून परत आले. एका प्लॉटला चाळीस मिनिटे पाणी, हे माप ते गेली अठरा-एकोणीस वर्षे त्या कड्यावरच ठेवत आहेत.

बंद झालेले प्रत्येक घड्याळ संग्राह्य होत नाही, हे मला पुतण्याला उदाहरणांनी पटवायचे होते. रोलेक्सचेच सी-ड्वेलर ११६६०० घ्या. ते २०१४ मध्ये आले आणि २०१७ मध्ये गेले, म्हणजे जेमतेम तीन वर्षे चालले. १,२२० मीटरची क्षमता, सिरॅमिकचे बेझल, तारखेवर भिंग नाही, आकार नेटका ४० मिलिमीटर. कमी काळ चालले म्हणून महाग होईल हा नियम खरा असता तर या घड्याळाने हल्कला मागे टाकायला हवे होते. जाणकार त्याला मान देतात, पण हल्कसारखी झेप त्याने घेतली नाही, कारण दोन हात अंतरावरून ते काळ्या सबमरीनरसारखेच दिसते आणि हिरवी तबकडी मात्र रस्त्यापलीकडूनही ओळखू येते. रोलेक्सचीच धाकटी कंपनी असलेल्या ट्यूडरच्या ब्लॅक बेचे पहिले रूप, ७९२२०, याची गोष्ट वेगळी आहे. २०१२ ते २०१६ या काळातल्या त्या तबकडीवर ट्यूडरचे जुने गुलाबाचे चिन्ह होते, नंतर स्वतःचे यंत्र बसवताना कंपनीने गुलाब काढून ढाल आणली. काळ्या बेझलचे ७९२२०एन तर २०१५ च्या अखेरीस आले आणि २०१६ मध्येच बदलले. आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे तबकडीवर एका खुणेने दिसते, म्हणून शोधणारे ते नेमके शोधतात.

ओमेगाच्या प्लोप्रोफची कथा मला सर्वांत प्रिय आहे. १९७० मध्ये ६०० मीटर खोलीसाठी काढलेले हे अवजड, चौकोनी, बेझल सोडवण्यासाठी बाजूला लाल बटण असलेले घड्याळ त्या काळी बहुतेकांना कुरूप वाटले आणि ते महागही होते. म्हणून विकले गेले थोडे. आज जुन्या प्लोप्रोफसाठी लोक धडपडतात, कारण ती फारशी कोणी घेतलीच नाहीत आणि ज्यांनी घेतली त्यांनी समुद्रात खरोखर वापरली. सेकोच्या एसकेएक्स ००७ चे उलट आहे. ते १९९६ पासून २०१९ पर्यंत प्रचंड संख्येने निघाले, स्वस्तात मिळत होते, आणि बंद झाल्यावर त्याचाही भाव चांगलाच वाढला, पण तो वाढला प्रेमामुळे. असंख्य लोकांचे ते पहिले यांत्रिक घड्याळ होते.

या कसोट्या १२६६१०एलव्हीला लावून मी पाहिल्या. मागणी आहे, यात वाद नाही. परंतु रोलेक्स वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळे काढते असा विश्लेषकांचा अंदाज आहे, आणि सबमरीनर हे तिचे सर्वाधिक ओळखीचे नाव. २०२० पासून ज्यांनी हे घड्याळ घेतले त्यांतल्या पुष्कळांनी ते भविष्यातल्या भावासाठीच जपून, पेटी आणि कागदांसह ठेवले आहे. जपून ठेवलेल्या वस्तूंचा साठा जिथे मोठा, तिथे दुर्मिळता येत नाही. आज जुन्या सबमरीनरना जी किंमत येते ती त्या काळी ती कोणी जपली नाहीत म्हणून येते. १९६२ पासून १९८९ पर्यंत चाललेल्या ५५१३ या सबमरीनरचे उदाहरण शौकिनांना ठाऊक आहे. त्याच्या बहुतेक घड्याळांत ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचे चकाकणारे ठिपके असत. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे, त्यामुळे उजेड कधीच विझला आहे, पण ठिपके साईसारखे पिवळसर झाले आहेत आणि त्या रंगालाच मोल आहे. दुरुस्तीत तबकडी बदलून नवी पांढरीशुभ्र बसवली की तेच घड्याळ किमतीत कोसळते. १९९८ च्या सुमारास रोलेक्सने ट्रिटियम सोडले. सिरॅमिक फिकट होत नाही, आताचे ठिपके पिवळे पडत नाहीत, म्हणजे आजचे सबमरीनर पन्नास वर्षांनीही बहुधा आजच्यासारखेच दिसेल. वापरणाऱ्यासाठी ही फार चांगली गोष्ट आहे. प्रत्येक घड्याळाला वयाबरोबर स्वतःचा चेहरा येतो म्हणून ते गोळा करणाऱ्यांसाठी ती तेवढी चांगली नाही.

मूळपणाचा हा धडा मला एचएमटीने शिकवला. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीने बंगळुरूत घड्याळे सुरू केली. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला लागलेल्या कितीतरी जणांच्या पहिल्या पगारातले घड्याळ एचएमटीचेच होते, माझ्या वडिलांचेही जनता होते. कारखाना बंद होणार या वार्तेने आणि पुढे जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने कंपनी बंद करण्यास मान्यता दिल्यावर लोक जनता आणि पायलट शोधत फिरू लागले. मीही त्या घाईत एका विक्रेत्याकडून काळ्या तबकडीचे पायलट चढ्या भावाने घेतले. घरी आणून भिंगाखाली धरले तेव्हा अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसल्या, मिनिटांचे ठिपके एका वर्तुळात नव्हते. जुन्या तबकडीवर नवा रंग चढवलेला होता. बंद झालेल्या मालाची मागणी वाढली की पहिला धंदा सुरू होतो तो हा. ते घड्याळ मी आजही जवळ ठेवले आहे आणि पुतण्याला तेही दाखवले.

राहिला पैशांचा हिशोब. १४ लाखांचे कर्ज, १२ टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता सुमारे ३१,१०० रुपये आणि एकूण परतफेड १८ लाख ६८ हजारांच्या आसपास. पाच वर्षांनी विकायला गेल्यावर विक्रेता स्वतःचा बारा-पंधरा टक्के नफा धरूनच भाव करणार, म्हणजे केवळ नुकसान न होण्यासाठी त्या घड्याळाचा बाजारभाव २१ लाखांवर पोहोचलेला हवा. हे दीडपट झाले, आणि त्यातून हाती काहीच उरत नाही. दुसरी गोष्ट भारतापुरती आहे. आपण देतो त्या किमतीत सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी मुरलेला असतो, आणि विकताना तो कोणी परत देत नाही. दहा लाखांवरच्या घड्याळांवर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा करही, गोळा होतो, तो निदान आयकर विवरणात वळता करता येतो. त्यातच स्वित्झर्लंडसह एफ्टा या युरोपीय गटातल्या चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरचे शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने संपायचे आहे. करारापूर्वी हे शुल्क अधिभार धरून २२ टक्के होते. म्हणजे पुतण्या कर्जाचे हप्ते भरत असेल त्याच वर्षांत नवीन घड्याळावरचा कराचा बोजा कमी होत जाणार. आज जास्तीचा भाव देऊन घेतलेल्या मालाला ही गोष्ट मदत करणारी नाही, आणि या मुद्द्याबद्दल विक्रेत्याने चकार शब्द काढला नव्हता.

यावर पुतण्याने एक प्रश्न विचारला, जो मला रास्त वाटला. त्याला ते घड्याळ खरोखर आवडते, भाव वाढो न वाढो, मग काय? मी म्हणालो, तसे असेल तर अधिकृत विक्रेत्याकडे नाव नोंदव, यादीतल्या किमतीला मिळेपर्यंत थांब, तोवर दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाक. जिनिव्हात ते बंद झाले तर त्या जागी जे येईल तेही सबमरीनरच असेल, आणि हिरवेच हवे असेल तर बंद झालेली हिरवी घड्याळे पुढील वीस वर्षे विक्रीला येत राहतील. विक्रेत्याला त्याने नकार कळवला आहे. कर्जाचा अर्ज अजून बँकेतून परत घेतलेला नाही, तो सोमवारी घेतो म्हणाला.

दाजींचे घड्याळ सध्या माझ्याकडे आहे. मागच्या झाकणाचे आणि चावीचे रबरी वायसर बदलून दाबाची चाचणी करून घ्यायची आहे, कारण एवढ्या वर्षांत ते एकदाच उघडले गेले आहे आणि फवारणीत रोज पाणी लागते. वॉरंटीचे कागद पुतण्याच्या आत्याच्या कपाटात सोसायटीच्या जुन्या पावत्यांखाली सापडले, तेही मी पाकिटात घालून पेटीत ठेवले. रविवार कारंजाजवळचे माझे घड्याळजी हाताचे चोख आहेत, परंतु सवयीने ते प्रत्येक घड्याळ चकचकीत करून देतात, आणि चाकावर एकदा धरले की पट्टा जिथे बसतो तिथल्या धारदार कडा गोल होतात, त्या पुन्हा येत नाहीत. म्हणून पुतण्याने स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून घड्याळाला बांधली आहे: पॉलिश करू नये, बेझल बदलू नये, ओरखडा तसाच राहू द्यावा.